झाडांमधली पावडर, दुपारचा घट्ट बर्फ आणि एका बोर्डाची निवड

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या स्नोबोर्डरचं नाव बदलून मी अनघा ठेवलं आहे. बाकी मोजमापं, चुका आणि निर्णय जसे घडले तसेच दिले आहेत. निवडीच्या प्रत्येक टप्प्यावर मी तिच्यासोबत होतो आणि दोन ठिकाणी माझाच सल्ला चुकला, तेही इथे आलं आहे.

अनघा सहा हिवाळे स्नोबोर्डिंग करते, म्हणजे दोन्ही पाय एकाच बोर्डाला बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत खाली येते. वजन 61 किलो, बुटाचा माप-क्रमांक मोंडोपॉइंटमध्ये 25.5, म्हणजे पाऊल साधारण साडेपंचवीस सेंटिमीटर. तिच्याकडे एकच बोर्ड होता: 149 सेमी लांब, दोन्ही टोकं सारखी, पूर्ण कॅम्बरचा. कॅम्बर म्हणजे बोर्ड सपाट जमिनीवर ठेवला की मधला भाग कमानीसारखा उचललेला दिसतो. त्यावर उभं राहिलं की ती कमान दाबली जाते आणि कडेची धातूची पट्टी, म्हणजे एज, लांबवर बर्फात रुतते. मशीन फिरवून सारख्या केलेल्या उतारावर त्या बोर्डासारखी पकड तिला दुसऱ्या कशातच मिळाली नव्हती.

मग गेल्या दोन हिवाळ्यांत तिला झाडांचं वेड लागलं. उघड्या उतारावर ताज्या बर्फाची वाऱ्याने आणि उन्हाने दुपारपर्यंत वाट लागते. सूचिपर्णी झाडांच्या सावलीत तोच बर्फ दुसऱ्या दिवशीही भुसभुशीत राहतो. अशा ताज्या, भुसभुशीत बर्फाला पावडर म्हणतात. एकदा ती चव लागली की माणूस लिफ्टमध्ये, म्हणजे उतारावर वर नेणाऱ्या पाळण्यात, बसल्या बसल्या दोन झाडांमधल्या फटी मोजायला लागतो.

अडचण

झाडांमध्ये शिरलं की तिची मागची मांडी भरून यायची. बोर्डाचं नाक बर्फाखाली जाऊ नये म्हणून ती सगळं वजन मागच्या पायावर टाकायची आणि त्यामुळे वळण उशिरा व्हायचं. वळायला उशीर झाला की झाड जवळ आलेलं असायचं. एका सकाळी सलग तीन वेळा नाक रुतून ती तोंडावर आपटली. शेवटच्या पडण्यात खांदा बुंध्यापासून हातभर अंतरावर थांबला. त्या दिवशी लिफ्टमध्ये ती एवढंच म्हणाली, "मला येत नाही की बोर्डाला येत नाही, हे तरी एकदा कळू दे."

याचं उत्तर अर्धं-अर्धं होतं. भुसभुशीत बर्फात बोर्ड एजवर चालत नाही, तळावर तरंगतो. तरंगायला दोन गोष्टी लागतात: वेग आणि क्षेत्रफळ. मोकळ्या उतारावर वेग मुबलक असल्यामुळे साधा बोर्डही वर येतो. झाडांमध्ये वेग आवरावाच लागतो. तरंगण्यातला वेगाचा वाटा असा कमी झाला की उरलेलं काम बोर्डाच्या आकारालाच करावं लागतं. म्हणजे "पावडरसाठी बोर्ड" आणि "झाडांमधल्या पावडरसाठी बोर्ड" या दोन वेगळ्या गरजा आहेत. आम्हाला हे कळायला बराच वेळ लागला.

दुसरी बाजू तिच्या नोंदींमधून दिसली. अनघाला दर दिवसाची दोन ओळींत नोंद ठेवायची सवय आहे. आदल्या हिवाळ्यातले 19 दिवस तिने वाचून दाखवले. घोट्याच्या वर ताजा बर्फ असलेले दिवस फक्त 4 होते. 9 दिवस मिश्र: सकाळी थोडी मऊ पावडर, अकराच्या सुमारास सगळीकडे चिरलेला, ढेकळांचा बर्फ, आणि परत येताना घट्ट, घासलेली वाट. उरलेले 6 दिवस निव्वळ कडक. शिवाय त्या चार सोनेरी दिवसांतही सकाळचे जेमतेम तीन तास खरे सोन्याचे होते.

तिला दुसरा बोर्ड ठेवायचा नव्हता. प्रवासात दोन बोर्ड वाहायचे नाहीत आणि सकाळी एक, दुपारी दुसरा असं तर अजिबात नाही, हे तिने सुरुवातीलाच स्पष्ट केलं. ही अट मला तेव्हा हट्टी वाटली होती. आज ती बरोबर वाटते, कारण ती नसती तर आम्ही भलताच बोर्ड घेऊन मोकळे झालो असतो.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय काहीच न घेण्याचा. आहे त्याच बोर्डावर बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डाला घट्ट धरून ठेवणारी पकड, मागे सरकवायची. तिच्या बोर्डावर स्क्रूची भोकं दोन-दोन सेंटिमीटरवर आहेत. दोन्ही बाइंडिंग दोन भोकं मागे घेतली की उभं राहण्याची जागा 4 सेमी मागे जाते, पुढे नाक लांब होतं आणि शेपूट आखूड. मी हा पर्याय "तात्पुरती मलमपट्टी" म्हणून एका वाक्यात उडवून लावला. ही माझी पहिली चूक.

दुसरा पर्याय लांब, दुभंगलेल्या शेपटीचा खास पावडर बोर्ड, 157 सेमी. ही शेपूट पाहून लोकांना नवी फॅशन वाटते, पण ती या खेळाइतकीच जुनी आहे. 1970च्या दशकात अमेरिकेतल्या युटामध्ये दिमित्रीये मिलोविच यांचे विंटरस्टिक बोर्ड याच आकाराचे होते, आणि ते खोल बर्फासाठीच होते. शेपटीतल्या खाचेमुळे मागची बाजू सहज बुडते आणि नाक आपोआप वर राहतं. मोकळ्या, खोल उतारावर याला तोड नाही. पण दाट झाडांत 157 सेंटिमीटरचं धूड 61 किलोच्या माणसाने झटपट फिरवायचं म्हणजे कठीण काम. यावर आम्ही फार वेळ घालवला नाही.

तिसरा पर्याय तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता: आखूड आणि रुंद बोर्ड. 146 सेमी लांब, कंबर (मधली सर्वांत अरुंद जागा) 26 सेमी. तिच्या जुन्या बोर्डाची कंबर 24 होती. यातलं गणित सोपं आहे आणि मोहात पाडणारं आहे. दीड मीटर लांबीचा बोर्ड एक सेंटिमीटरने रुंद केला की क्षेत्रफळ सुमारे 150 चौरस सेंटिमीटरने वाढतं. तेवढंच क्षेत्रफळ लांबीतून मिळवायचं तर जवळजवळ सहा सेंटिमीटर वाढवावे लागतात. त्यामुळे हा बोर्ड जुन्यापेक्षा तीन सेंटिमीटर आखूड असूनही कागदावर त्याचं क्षेत्रफळ 200 चौरस सेंटिमीटरहून जास्त भरत होतं. तरंगणं जास्त आणि फिरवायला सोपा. झाडांसाठी याहून चांगलं काय हवं?

चौथा पर्याय मधला: 151 सेमी, एकाच दिशेने चालवायचा, कंबर 24.6. नाकाशी रॉकर, म्हणजे पुढचा भाग लवकर वर वळलेला, आणि पायांखाली कॅम्बर. नाक शेपटीपेक्षा 10 मिलिमीटर रुंद. या फरकाला टेपर म्हणतात. टेपर असलेल्या बोर्डाची शेपूट अरुंद असल्यामुळे बर्फात जरा खाली बसते, म्हणजे नाक वर ठेवायचं काम मांडीऐवजी बोर्ड करतो. निव्वळ पावडरच्या बोर्डांत हा फरक 20 मिलिमीटर किंवा त्याहून जास्तही असतो. पण जितका टेपर जास्त तितकी कडक उतारावर वळणाच्या शेवटी शेपटीची पकड सैल, आणि उलट्या दिशेने बोर्ड चालवणंही अवघड. अनघा उलटी फारशी चालवत नाही, त्यामुळे तो तोटा आम्ही सोडून दिला.

दोन दिवस, एकच बोर्ड

आखूड-रुंद बोर्ड दोन दिवस चालवून बघायला मिळाला. पहिला दिवस नशिबाने खोल बर्फाचा होता. पहिल्याच फेरीत ती माझ्या पुढून झाडांत शिरली आणि मला फक्त तिचं ओरडणं ऐकू येत राहिलं. आनंदाचं ओरडणं. खाली भेटली तेव्हा दोन्ही पायांवर सरळ उभी होती, मागे कललेली नव्हती. सहा हिवाळ्यांत मी तिला झाडांमध्ये अशी उभी पाहिली नव्हती. "हाच घ्यायचा," ती म्हणाली. मीही "घेऊन टाक" म्हणालो. ही माझी दुसरी चूक. पण तिने बोर्ड दुसऱ्या दिवसासाठी ठेवून घेतला, कारण तो आधीच दोन दिवसांसाठी घेतलेला होता. सगळ्या निवडीला वळण लागलं ते या योगायोगाने.

दुसऱ्या दिवशी आदल्या संध्याकाळी ओलसर झालेला बर्फ रात्रीत गोठला होता. झाडांच्या आत आदल्या दिवशी पडलेल्या वाटांचे कडक चर तयार झाले होते. आखूडपणामुळे त्या चरांत बोर्ड वळत होता, पण एका एजवरून दुसऱ्या एजवर यायला उशीर लावत होता. पंजे दाबले की बोर्ड क्षणभर विचार करतो आहे असं तिला वाटायचं. खरी परीक्षा झाडांतून बाहेर पडल्यावर, लिफ्टकडे नेणाऱ्या आडव्या, घासलेल्या वाटेवर झाली. टाचेकडच्या एजवर बोर्ड घसरत, थरथरत खाली सरकू लागला आणि वाटेच्या कडेपर्यंत जाऊन थांबला.

त्या संध्याकाळी आम्ही टेप घेऊन बसलो. आधीच करायला हवं होतं ते मोजमाप तेव्हा केलं. बोर्ड बाइंडिंगखाली कंबरेपेक्षा साधारण सेंटिमीटरभर रुंद असतो, म्हणजे या बोर्डावर 27 सेमी. पाऊल 15 अंशाच्या कोनात ठेवलं की साडेपंचवीस सेंटिमीटरचं पाऊल बोर्डाच्या आडव्या दिशेने 24.6 सेमी भरतं. म्हणजे दोन्ही बाजूंना अनवाणी पावलापासून एज सव्वा सेंटिमीटरभर लांब राहते. बूट बाहेरून 28.5 सेमी लांब होता, तो त्या कोनात 27.5 भरतो. म्हणजे बूट जेमतेम एजपाशी पोचत होता. भुसभुशीत बर्फात हे चालतं, तिथे एजला कामच नसतं. कडक बर्फावर मात्र एज दाबायला तरफ हवी, आणि ती पायातून येते. पाय एजपासून लांब असेल तर तेवढाच जोर लावूनही बोर्ड उशिरा उठतो.

बोर्ड वाईट नव्हता. मोठ्या पावलाच्या माणसाला तोच बोर्ड अगदी योग्य ठरला असता. पहिल्या दिवशी तिला जे सुख मिळालं तेही खरं होतं. पण तिच्या 19 दिवसांपैकी 15 दिवस असा बर्फ होता, जिथे हा बोर्ड तिच्या विरोधात गेला असता.

निर्णय

151 सेंटिमीटरचा मधला बोर्ड चालवून बघायला मिळाला तो दिवस मुद्दाम निवडला. सकाळी मऊ, दुपारनंतर चिरलेला, साधासा दिवस. झाडांमध्ये तो रुंद बोर्डाइतका तरंगला नाही, हे अनघाने पहिल्याच फेरीनंतर स्पष्ट सांगितलं. जुन्या बोर्डापेक्षा मात्र फरक मोठा होता: नाक वर आणि मांडी शांत. ढेकळांच्या बर्फात पुढचं टोक ढेकळांवरून निघून जात होतं, आणि परतीच्या घासलेल्या वाटेवर कॅम्बरने पकड धरली. इथे मोजमापही जुळत होतं: बाइंडिंगखाली 25.6, अनवाणी पावलापासून एज दोन्हीकडे अर्धा सेंटिमीटर, बूट दोन्हीकडे एक सेंटिमीटरपेक्षा जरा कमी बाहेर.

शेवटचा पेच लांबीचा होता. त्याच बोर्डाचा 148 सेमीचाही पर्याय होता. वजनाच्या तक्त्यात 61 किलो त्यात आरामात बसत होते, आणि झाडांसाठी आखूड बरा म्हणून आम्ही तोच जवळजवळ नक्की केला होता. मग तिने एका सकाळी सगळा जामानिमा घालून, पाठीवर फावडं, पाणी, जाड कपडे असलेली पिशवी घेऊन वजन केलं. काटा 69 वर गेला. पावडरमध्ये बोर्डाला हे सगळं तरंगवायचं असतं. 69 किलो 148च्या वरच्या टोकाला जात होते आणि 151च्या बरोबर मध्ये. 151 घेतला.

पुढे काय झालं

पहिले चार दिवस निराशेचे होते. मागचा गुडघा दुखत होता, टाचेकडचं वळण अडखळत होतं आणि नवा बोर्ड परत द्यावा का, इथपर्यंत बोलणं गेलं. कारण आमच्या डोळ्यांसमोर होतं. जुन्या बोर्डावरचे बाइंडिंगचे कोन आम्ही जसेच्या तसे उचलून नव्यावर लावले होते: पुढचा पाय 15 अंश पुढे वळलेला, मागचा 15 अंश मागे. दोन्हीकडे सारख्या चालणाऱ्या बोर्डासाठी ही उभं राहण्याची पद्धत ठीक आहे. एकाच दिशेने जाणाऱ्या, टेपर असलेल्या बोर्डावर मागचा गुडघा उलटीकडे ओढला जात होता. पुढचा 18 आणि मागचा उणे 3 अंश केल्यावर त्याच दुपारी वळण सुटलं. चार दिवस आम्ही बोर्डाला दोष देत होतो आणि दोष स्क्रू-ड्रायव्हरने सुटण्यासारखा होता.

हिवाळा संपेपर्यंत त्या बोर्डावर 21 दिवस झाले. तिच्या नोंदीत "मांडी" हा शब्द सुरुवातीच्या काही दिवसांनंतर दिसत नाही. कडक दिवसांच्या नोंदी जुन्या बोर्डाइतक्या उत्साही नाहीत, "पकड ठीक" एवढंच असतं. खोल दिवसांपैकी एकाखाली तिने लिहिलंय की रुंद बोर्डाची आठवण आली. ही तडजोड आहे आणि तिला ती मान्य आहे.

एक परिणाम मात्र आम्ही धरला नव्हता, आणि या प्रकरणातला माझ्या लेखी सर्वांत गंभीर भाग तोच आहे. नाक वर राहायला लागल्यावर ती आणखी दाट झाडांत, आणखी जवळून जाऊ लागली. अशाच एका वळणावर ती एका मोठ्या झाडाच्या बुंध्याशी घसरली आणि डोकं उताराच्या दिशेला करून खोल बर्फात अडकली. सूचिपर्णी झाडाच्या खालच्या फांद्या बर्फ अडवतात, त्यामुळे बुंध्याभोवती सैल बर्फाचा पोकळ खड्डा तयार होतो. वरून तो दिसत नाही. आत डोकं खाली गेलं की पायाला बांधलेला बोर्ड वर अडकून राहतो आणि धडपड केली तर सैल बर्फ आणखी अंगावर येतो. अमेरिका आणि कॅनडात स्वयंसेवकांना अशा खड्ड्यांत ठेवून प्रयोग झाले आहेत, आणि त्यांत सुमारे 90 टक्के लोकांना स्वतःहून बाहेर पडता आलं नाही.

अनघाने एक फांदी घट्ट धरून ठेवली, चेहऱ्यासमोर हाताने जागा केली आणि हलली नाही. मी तिच्या तीन वळणं वर होतो आणि ती पडताना मला दिसली. खाली घसरत तिच्यापर्यंत पोचून तिचं तोंड मोकळं करायला दोन-तीन मिनिटं लागली असतील. मी खाली पुढे गेलेलो असतो, तर त्या बर्फातून तेवढंच अंतर वर चढायला किती वेळ लागला असता, हा हिशोब मी त्या रात्री अनेकदा केला. वर असणं हे ठरवून झालेलं नव्हतं. तोवर झाडांमध्ये कोण पुढे, कोण मागे, किती अंतर, हे आम्ही कधी बोललोच नव्हतो.

आज पुन्हा निवडायचं झालं तर

सगळ्यात आधी बाइंडिंग मागे सरकवून जुना बोर्ड झाडांत नेला असता. हिवाळ्याच्या शेवटी आम्ही कुतूहलाने हे केलं. 4 सेमी मागे उभं राहिल्यावर मांडीचा त्रास, तिच्या शब्दांत, "निम्म्याने" कमी झाला. कमी वेगात नाक तरीही बुडत होतं, त्यामुळे नवा बोर्ड लागलाच असता. पण एक अख्खा हिवाळा तिची मांडी उगाच भरून येत राहिली. शिवाय किती फरक उभं राहण्याच्या जागेमुळे पडतो आणि किती आकारामुळे, हे कळून मग निवडायला बसलो असतो.

दुसरं, पावलाचं आणि बोर्डाच्या रुंदीचं मोजमाप पहिल्या संध्याकाळी केलं असतं. दहा मिनिटांचं काम आहे. तिसरा पर्याय तेव्हाच मागे पडला असता, किंवा निदान त्याचा मोह कमी झाला असता. रुंद बोर्ड पहिल्या, सुंदर दिवशीच घेऊन टाकायचं मी सुचवलं होतं, हे मला आजही टोचतं. बोर्ड नेहमी अशा दिवशी चालवून बघावा ज्या प्रकारचे दिवस आपल्या वाट्याला जास्त येतात, आणि शक्य असेल तर दुपारी दोननंतर.

कोनांबद्दल मी आता आग्रही आहे. नवा बोर्ड आला की जुने कोन विसरायचे. आधी 18 आणि 0च्या आसपास सुरुवात करून तीन-तीन अंशांनी हलवत जायचं, आणि गुडघा काय म्हणतो ते ऐकायचं.

आणि टेपरवर तीन आठवडे घालवण्याआधी शिट्टीवर पाच मिनिटं घालवली असती. आता दोघांच्या जॅकेटच्या चेनला शिट्टी अडकवलेली आहे. झाडांत शिरण्याआधी आम्ही थांबतो, कोणत्या फटीतून जायचं ते बोटाने दाखवतो, एक जण चार-पाच वळणं घेऊन नजरेच्या टप्प्यात थांबतो आणि मगच दुसरा निघतो. अनघा बहुतेक वेळा पुढे असते. ती थांबली की हात वर करते, आणि तो हात दिसेपर्यंत मी वरून हलत नाही.